खालचे दोन दात

सोमवार, २ फेब्रुवारी

ही वही मापांची. पुढची पानं छाती, कंबर, बाही, गळा यांनी भरलेली. मागची कोरी होती, म्हणून उलटी करून इथे लिहायला घेतली. दुकानात ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, असं वन्संचं मत आहे, तेव्हा त्यांचीही भीती नाही.

झालं असं की सकाळी थंड पाण्याचा घोट घेतला आणि खालच्या पुढच्या दोन दातांतून अशी कळ गेली, की हातातली कात्रीच सुटली. समोर शाळेच्या मुख्याध्यापिका हात पसरून उभ्या होत्या, बाहीचं माप द्यायला. म्हणाल्या, "बघू बघू." मी ओठ खाली ओढून दाखवला. त्या दोन पावलं मागे गेल्या. "अगं बाई! तुमचे दात केवढे लांब झालेत!"

लांब! या वयात माणसाचं पोट सोडून काही वाढतं का? त्या गेल्यावर ट्रायलच्या आरशात पाहिलं. खरंच की. शेजारच्यांपेक्षा ते दोघे चांगले उंच, आणि मुळाशी पिवळट. दात वाढले नव्हते, हिरडीच खाली सरकली होती. इतकी वर्षं या आरशासमोर बायकांच्या पाठी बघण्यात गेली, स्वतःचं तोंड बघायला फुरसत कुणाला होती!

वन्संना सांगितलं तर त्यांच्या हातातला पावतीचा कागद तसाच राहिला. "उद्याच जायचं," म्हणाल्या. एवढंच. एरवी त्या एवढ्यावर थांबत नाहीत.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, पण माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. हे गेले तेव्हा एक बॅग घेऊन आल्या, "चार दिवस राहते वहिनी," म्हणाल्या, त्याला आता सहा वर्षं झाली. पूर्वी बसस्थानकावर माईकवर बोलायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते सांगायच्या. मध्येच एक दिवस कंटाळा आला म्हणून नोकरी सोडली, असं त्याच सांगतात. आता माझ्या दुकानाचा गल्ला सांभाळतात आणि गिऱ्हाइकांना त्याच आवाजात हाकारतात. "निळा ब्लाउज, निळा ब्लाउज तयार आहे, संबंधितांनी पुढे यावं!" बाई एक नंबर हुशार आणि एक नंबर तुसडी. सहा वर्षांत माझ्यासमोर बसून एकदा जेवली असेल तर शपथ. मला वाढायचं, आणि स्वतःचं ताट घेऊन ओट्याशी, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. माझ्या पंगतीला बसायला कमीपणा वाटत असणार, दुसरं काय.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते आपले जुने गिऱ्हाईक, छाती बेचाळीस, पोट पंचेचाळीस. त्यांनी विचारलं, "ब्रश कसा करता, दाखवा." दाखवला. कॉलर घासते तसा, आडवा, जोर लावून. त्यांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, "आणि अजूनही टाचण्या तोंडातच धरता ना?"

आता टाचण्या दुसऱ्या कुठे धरणार? दोन हात कापडावर असतात. खालच्या ओठाच्या आत, त्याच दोन दातांशी, पाच-सहा टाचण्या धरायच्या आणि बोलायचंही, ही माझी पस्तीस वर्षांची विद्या. दोराही तिथेच तोडते. डॉक्टर म्हणाले, घासून घासून आणि टोचून टोचून हिरडी पार उतरली आहे. एक तर हिरड्यांच्या खास डॉक्टरकडे जाऊन ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पुढेमागे हे दोन दात जाणार.

मी म्हटलं, जाऊ देत की मग. आत्ताच काढा, कटकट मिटली. दोन दातांसाठी कोण ऑपरेशन करतं?

घरी येऊन वन्संना हेच सांगितलं आणि बाई जी पेटली! "तुझ्या तोंडातला एकही दात जाणार नाही वहिनी. मी सांगून ठेवते."

"माझे दात आहेत. ठेवीन नाहीतर फेकीन."

"दातांवाचून काय होतं ते तुला माहीत नाही."

"आणि तुम्हाला जसं काही माहीतच आहे!" मी म्हटलं.

त्या उठल्या. अर्धा चहा तसाच टाकून खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला इतका राग आला! स्वतःचे दात या वयातही कसे एका ओळीत, पांढरेशुभ्र, जाहिरातीत शोभतील असे. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातं?

चहा मी ओतून दिला. मग वाईट वाटलं. नवा केला, दाराबाहेर ठेवला आणि टकटक करून पळून आले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

शेवटी गेलेच. हिरड्यांची डॉक्टर म्हणजे माझी मुलगी शोभेल एवढी पोर. हात मऊ, बोलणं मऊ, पण अंगातला पांढरा कोट डाव्या खांद्यावर अर्धा इंच उतरलेला. माझं निम्मं लक्ष तिथेच.

तिने चित्र काढून समजावलं. टाळूवरून मऊ मांसाचा एक छोटा तुकडा काढायचा आणि खाली हिरडी गेली आहे तिथे बसवून शिवायचा. दोन आठवड्यांत तो तिथल्या मांसाशी जुळतो आणि त्याचीच हिरडी होते.

"म्हणजे ठिगळच की!" मी म्हटलं. "आम्ही नाही का, ब्लाउज पुढून विरला की आतल्या शिवणीतली माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, सोडवून तिथला तुकडा लावतो. रंग अगदी जुळतो."

ती हसली. "तसंच. पण तुमच्या ठिगळाला रक्त लागत नाही. आमच्याला आधी खालून रक्त मिळावं लागतं, तरच ते जगतं. पहिले दहा-बारा दिवस ते जागचं हललं तर गेलं."

वन्संनी कागदावर सतरा प्रश्न लिहून आणले होते. एकेक विचारून खूण करत होत्या. पोर बिचारी सतराच्या सतरा प्रश्नांना उत्तरं देत बसली. शेवटचा प्रश्न त्यांनी कागदावर न बघता विचारला. "नाही जुळलं तर?"

"तर वर्ष-दोन वर्षांत दात हलायला लागतील. मग काढावे लागतील."

वन्संनी माझं मनगट धरलं. केवढं घट्ट! मला वाटलं चक्कर आली त्यांना, सकाळपासून धड काही खाल्लं नव्हतं. पाणी मागवून दिलं.

बुधवारी ऑपरेशन. हो म्हणून बसले. कशी म्हणाले कोण जाणे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

वन्संनी दुकान पुढच्या दोन आठवड्यांसाठी बसस्थानक करून टाकलं आहे. भिंतीवर तक्ता : कोणाचा कपडा, कधी द्यायचा, कोणाला थांबवायचं. फ्रिजमध्ये बर्फ, दही, केळी. लहान बाळाचा असतो तसा मऊ ब्रश. आणि संध्याकाळी माझ्या हातात एक गोळा ठेवला.

"हे काय?"

"टाचण्यांची उशी. मनगटाला बांधायची. पुन्हा तोंडात टाचणी दिसली तर बघ."

स्वतः शिवली होती. ज्या बाईला बटण लावता येत नाही, तिने! टाके एक मैलभर लांब, भुसा एका बाजूला. कापड ओळखीचं वाटलं म्हणून उजेडात धरलं. ह्यांच्या चेक्सच्या शर्टाचं होतं, मी फडक्यात टाकलेल्या. उशी तशीच मनगटाला बांधली. बोलले असते तर रडले असते, आणि त्यांना रडणारी माणसं आवडत नाहीत.

मी घाबरले आहे. लिहिते म्हणजे लिहिते. सुरीला नाही घाबरत, मीही दिवसभर कापाकापीच करते. ठिगळ जुळलं नाही तर, याला घाबरते. गेल्या मंगळवारी काढून टाका म्हणत होते आणि आता आरशात त्या दोघांकडे पुन्हा पुन्हा बघते. ह्यांना मी हसले की ते दोन किंचित एकमेकांवर चढलेले दात आवडायचे. लग्नाआधी बघायला आले तेव्हा म्हणे तेवढेच लक्षात राहिले होते.

बुधवार, ११ फेब्रुवारी

झालं. भूल होती, दुखलं नाही. पण टाके घालताना दोरा ओढल्याचं कळत होतं. तोंड सुजलंय. झोपते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बोलायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या 'कमी बोला', त्याचं वन्संनी 'बोलायचंच नाही' करून टाकलं. ओठ हलला की ठिगळ हलतं, म्हणे. चिठ्ठ्या लिहून काम चालवते. सकाळपासून एकतीस चिठ्ठ्या झाल्या. वन्सं म्हणतात, चिठ्ठीतसुद्धा तू गप्प बसत नाहीस.

टाळू मात्र चांगलीच ठणकतेय, गरमागरम घास चिकटून सोलल्यासारखी. तिथे जखम झाकायला डॉक्टरीणबाईंनी मापाचं एक पातळ प्लास्टिकचं झाकण दिलंय. चूळ भरताना काढायचं आणि परत बसवायचं. मला अर्धा तास जमेना, डोळ्यांत पाणी आलं. वन्सं आल्या, हात धुतले आणि एका झटक्यात बसवलं. "पुढून ओढायचं नाही. अंगठा मागे न्यायचा, आणि सारखा दाब दोन्हीकडून." काढल्यावर कशाने धुवायचं, कोमट नको गारच पाणी का, वाळू द्यायचं नाही, पाण्यातच ठेवायचं, सगळं तोंडपाठ. ठेवायला स्वतःचा झाकणाचा स्टीलचा पेला दिला, तो एरवी त्यांच्या खोलीतून हलत नाही. 'त्यात माझ्या गोळ्या असतात, हात लावू नकोस,' म्हणायच्या.

चिठ्ठी लिहिली : तुम्हाला हे कसं येतं?

"डोकं वापरलं की येतं," म्हणाल्या.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

ओठ ओढून बघायचं नाही, ही दुसरी सक्ती. आणि मला तर तेवढंच सुचतंय. पस्तीस वर्षं मी टाके घातले, आणि आता कोणी माझ्या अंगावर टाके घालावेत आणि मी ते बघू नयेत? कसला दोरा, कसला टाका, गाठ कुठे मारली, काही म्हणजे काही ठाऊक नाही.

सकाळी दुकानात आले तर ट्रायलचा आरसा भिंतीकडे तोंड करून उभा! मागचं लाकूड पुढे. न्हाणीघरातला छोटा आरसा नाहीसा झालेला. माझ्या पर्समधली आरशाची डबीसुद्धा गायब. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची बायको नवा ड्रेस घालून बाहेर आली आणि वळून वळून आरसा शोधायला लागली. वन्सं गल्ल्यावरून म्हणाल्या, "आरसा दुरुस्तीसाठी रद्द करण्यात आला आहे. मागून छान दिसतंय, पुढून त्याहून छान. पुढचं गिऱ्हाईक!"

ती बाई खुशीत गेली. मला हसायचं होतं, पण ओठ दाबून धरले. हसायलाही बंदी आहे.

शनिवार, १४ फेब्रुवारी

माती खाल्ली.

वन्सं बँकेत गेल्या होत्या. माझी मोठी कात्री नवीन धार लावून आलेली, पातं चकचकीत. खिडकीशी धरलं, ओठ नखभर, खरंच नखभर खाली केला. आत पाहिलं. ठिगळ पांढरं पडलं होतं. पांढरं म्हणजे भिजलेल्या कागदासारखं. गेलं, म्हटलं. मेलं ते. दोन दात गेले.

वन्सं परत आल्या तेव्हा मी कापायच्या टेबलाखाली बसून रडत होते. खाली का बसले होते ते मला विचारू नये. कात्री बघून त्यांना सगळं कळलं. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात वरचा पापुद्रा पांढरा होतो आणि निघून जातो, खाली गुलाबी येतं. घाबरू नका, पण बघूही नका.

जीव भांड्यात पडला. मग वन्संनी जे झापलंय! आणि झापता झापता माझ्यासोबत टेबलाखाली येऊन बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तरी. रागाच्या भरात त्यांचा 'स' थोडा शिट्टीसारखा वाजतो, आज पहिल्यांदाच लक्षात आलं.

मोठ्या कात्रीवर आता खोळ चढली आहे. ब्लाउज कापायच्या आधी परवानगी मागते.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सूज उतरली. थोडं बोलायची मुभा मिळाली. जेवण म्हणजे गार मऊ भात, दही, कुस्करलेला बटाटा. गंमत म्हणजे वन्संही तेच जेवतात. त्यांना कशाला हवं? पण म्हटलं तर त्या नेहमीच असलं जेवतात. सफरचंद कागदासारखं चिरून, पोळी दुधात भिजवून. आवडी असतात एकेकीच्या.

आज धीर करून म्हटलं, "वन्सं, दोघींच्या ताटात एकच आहे, तर या ना इथे, टेबलाशी. एकटीला घास जात नाही."

ओट्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "मला उभ्यानंच बरं पडतं."

एवढं सगळं करतात माझं. झाकण धुतात, औषध काढून देतात, परवा टेबलाखाली येऊन बसल्या. मग समोर बसून दोन घास खायला असं काय जातं बाईचं? लागलं मला. लागलं ते लिहून ठेवते.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आज पुन्हा माती खाल्ली.

मुख्याध्यापिकांच्या नवऱ्याचा पांढरा शर्ट, दुपारी न्यायला येणार होते. वरचं बटण तेवढं राहिलं होतं. टाचणीची उशी मनगटाला होती, सगळं नीट होतं. बटण लावलं, चार फेरे घेतले, गाठ मारली, आणि दोरा दातात धरून तटकन तोडला.

काही विचार नव्हता त्यात. हात शर्टावर होता, दोरा होता, तोंड आपोआप खाली गेलं. पस्तीस वर्षं तसंच जातंय ते. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि शर्टाच्या कॉलरवर रक्ताचे दोन ठिपके पडले, मग तिसरा.

वन्सं पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. मी ओली घडी तोंडात दाबून धरली. रक्त थांबलं. जिभेला दोऱ्याचं सुटलेलं टोक लागतंय. शर्ट मिठाच्या गार पाण्यात बादलीत घातला, वर दुसरं कापड टाकलं. मुख्याध्यापिकांना उद्या या म्हणून कळवलं.

वन्संना सांगितलं नाही. नवव्या दिवशी! ज्या बाईने सतरा प्रश्न लिहून नेले, आरसे लपवले, तिला कोणत्या तोंडाने सांगू की मी सवयीने दोरा तोडला? सोमवारी गुपचूप डॉक्टरकडे जाईन.

रात्री जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सगळं लिहायचं आहे, सावकाश लिहिते.

सकाळी न्हाणीघरातून वन्संची हाक आली नाही, त्या स्वतःच आल्या. हातात ओला शर्ट. ठिपके गेले होते, पण नीट बघितलं तर फिकट पिवळट गोल उरले होते.

"रक्त कधी आलं?"

"कसलं? सुई टोचली काल."

"सुई टोचली की तू घर डोक्यावर घेतेस. काल तू दिवसभर गप्प होतीस."

मला वाटलं, आता तो बसस्थानकाचा आवाज सुटणार. पण त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या, शर्टाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"मी पण असंच करायचे," म्हणाल्या. "मिठाचं पाणी. मी उशीचे अभ्रे धुवायचे."

मला काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. अंगठा तोंडात नेला, मागपर्यंत, मला शिकवला होता तस्सा. मग वळल्या. हातात दात होते, वरचे आणि खालचे, अख्खे. आणि त्यांचा चेहरा! ओठ आत गेलेले, गाल बसलेले, हनुवटी पुढे. माझ्या वन्सं एवढ्याशा झाल्या होत्या.

"बघ," म्हणाल्या. शब्दही मऊ झाले होते. "नीट बघ. सत्तेचाळीसची होते. हिरडीतून रक्त यायचं, मी लपवलं. डॉक्टरला भ्यायले, कोणाला सांगायची लाज वाटली. मग हलायला लागले. दोन वर्षांत सगळे गेले. हे बसवले तर माईकवर शिट्टी वाजायला लागली. मी गाडी सांगायची आणि फलाटावरची माणसं हसायची. कंटाळा आला म्हणून नोकरी नाही गं सोडली."

"आणि जेवताना..."

"हे ढिले झालेत. चावताना निसटतात. तुझ्यासमोर पडले असते तर?"

"वन्सं, मला सहा वर्षं वाटत होतं, माझ्यासोबत बसायला तुम्हाला कमीपणा वाटतो."

"वाटायचाच. पण तो माझा मला."

मी उठले आणि त्यांना मिठी मारली. त्यांना मिठ्या आवडत नाहीत. आज सोडवून घेतलं नाही. मी मात्र रडता रडता स्वतःला शिव्या घालत होते. कोटाचा खांदा अर्धा इंच उतरला तर मला दारातून दिसतो, आणि सहा वर्षं घरातल्या माणसाचं तोंड दिसलं नाही. भिजवलेली पोळी, झाकणाचा पेला, सगळं समोर होतं, आणि मी बाईला तुसडी ठरवून मोकळी.

मग काल काय झालं ते सांगितलं. दोरा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, दात बसवले आणि म्हणाल्या, "चप्पल घाल."

डॉक्टरीणबाई शनिवारी अकरालाच निघतात, पण आमच्यासाठी थांबल्या. दोन टाके सुटले होते, डाव्या बाजूचा एक कोपरा उचलला गेला होता. तो त्यांनी साफ केला, बसवला. बाकीचं? "बाकीचं धरलंय असं दिसतंय. कोपऱ्याचं आत्ता सांगता येत नाही. बुधवारी बघू."

उठता उठता मी म्हटलं, "डॉक्टर, अजून एक तोंड बघायचंय." वन्संनी मला असा चिमटा काढला की अजून वळ आहे. पण खुर्चीत बसल्या. मी त्यांचं मनगट धरलं, घट्ट, त्यांनी माझं धरलं होतं तसं. त्या दिवशी चक्कर आली होती म्हणे! काय मूर्ख बाई मी.

बुधवार, २५ फेब्रुवारी

टाके काढले. डॉक्टरीणबाईंनी एक चिमट्यात धरून दाखवला. केसाहून बारीक, निळा, आणि गाठ अशी सफाईदार की मी उठून नमस्कारच करणार होते. "कोट आणून द्या," म्हटलं, "तो खांदा मला बघवत नाही."

कोपरा गेला. एका दाताचं मूळ थोडं उघडं राहणार. पण बाकी सगळं जुळलंय, गुलाबी, जिवंत. दोन्ही दात राहणार!

वन्संनी तीनदा विचारलं, "राहणार ना? नक्की राहणार?" आणि मग हातरुमालात नाक शिंकरून म्हणाल्या, दवाखान्यात धूळ फार आहे.

रविवार, १५ मार्च

वन्संच्या जुन्या कवळीने त्यांच्या हिरड्या सोलवटल्या आहेत. नवीन बनतेय. तोवर आठ दिवस दात काढून ठेवा, हिरडीला विश्रांती द्या, असं सांगितलंय. म्हणजे आठ दिवस बाई खोलीतून बाहेर येईना. दाराआडून हुकूम सुटतात, गल्ल्यावर मी एकटी. गिऱ्हाइकं विचारतात, आज गाड्या बंद का?

काल मुख्याध्यापिका येऊन गेल्या. नवऱ्याच्या शर्टाबद्दल एक शब्द काढला नाही, उलट म्हणाल्या, बाईंचा आवाज नाही तर दुकान सुनं वाटतं. मी ते दाराशी जाऊन मोठ्याने सांगितलं.

आज दुकान बंद. कापायचं टेबल पुसलं, दोन ताटं समोरासमोर मांडली. मऊ भात, दही, कुस्करलेला बटाटा. मला आता सगळं चालतं, पण एकाच तऱ्हेचं केलं. दाराशी जाऊन म्हटलं, "वन्सं, ओट्यावर आज मशीनचं तेल सांडलंय, तिथे उभं राहता येणार नाही."

"खोटारडी," आतून.

"आणि मी जेवणार नाही. ठिगळ अजून ओलं आहे, उपाशी राहिले तर वाळेल. विचारा डॉक्टरला."

शेवटी कडी वाजली. पदर तोंडावर धरून आल्या. खुर्ची ओढली, बसल्या, माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मी ओठ खाली ओढून माझा उघडा राहिलेला कोपरा दाखवला. बघायची बंदी उठली आहे आता.

त्यांनी पदर खाली घेतला.

मग, माझी आई शप्पथ, मान ताठ करून, दातांवाचून, सगळी अक्षरं भातासारखी मऊ करत त्या म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. सहा वर्षं उशिराने येणारी गाडी जेवणाच्या टेबलावर येत आहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला पाण्याचा ठसका लागला. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा अख्खं पाहिलं, हात आड नव्हता. ह्यांच्यासारखंच हसतात त्या, डोळे पूर्ण मिटून. मला माहीतच नव्हतं.

वन्संनी भात दोनदा मागून घेतला. जेवण झाल्यावर मी ताटं उचलेपर्यंत त्यांनी गुडघा सांभाळत, महिनाभर भिंतीकडे तोंड करून असलेला ट्रायलचा आरसा धरला आणि मला हाक मारली, "ये, दुसरी बाजू धर. जड आहे." दोघींनी मिळून तो सरळ केला.